खिडकीचा तास

"बाहेर काय होऊन राहिलं, हेमलता?"

निखाडे सर टेबलाला टेकून उभे होते. पाठ खिडकीकडे आणि तोंड वर्गाकडे. मी खिडकीशेजारच्या बाकावर उभी राहिले आणि रस्त्यापलीकडे बाबारावच्या चहाच्या हॉटेलाकडे बघितलं.

"सर, बाबाराव इज मेकिंग टी."

"बट?"

"बट नोबडी इज ड्रिंकिंग."

"काऊन नाही पिऊन राहिले? कडी लाव."

"बिकॉज दे आर वेटिंग फॉर द बस."

"शाब्बास. बस खाली."

आमच्या शाळेत नववीचा इंग्रजीचा तास असा चालायचा. यवतमाळच्या पुढं, पैनगंगेच्या अलीकडं असलेल्या आमच्या गावात इंग्रजी बोलणारा माणूस एकच, निखाडे सर. उभयान्वयी अव्यय हा शब्द आमच्या तोंडात मावायचा नाही, म्हणून सर त्याला कडी म्हणायचे. दर आठवड्याला एक कडी. अँड, बट, बिकॉज, सो, व्हाईल. आठवडाभर रोज एकानं खिडकीत बसायचं, बाहेर जे चाललं असेल ते सांगायचं आणि त्याला त्या आठवड्याची कडी लावून दुसरं काहीतरी जोडायचं.

"पुस्तकात 'करत आहे' असं छापलं आहे," सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "ते पुण्याकडचं. आपण काय म्हणतो? करून राहिला. राहिला म्हणजे इज, करून म्हणजे डूइंग. म्हणजे इंग्रज आपल्यासारखाच बोलते. उगाच भिता तुम्ही त्याले."

वर्ग हसला होता आणि त्या दिवसापासून इंग्रजीची भीती निम्मी गेली होती. सरांचा नियम एकच होता. डोळ्यासमोर जे चाललं आहे तेच बोलायचं, डोक्यातून काढायचं नाही. डोक्यातलं वाक्य पाठ होतं, डोळ्यातलं होत नाही, असं ते म्हणायचे.

सरांचा चष्मा जाड होता. फळ्यावर ते स्वतः लिहायचे नाहीत, आमच्यापैकी कोणाला तरी लिहायला लावायचे. वह्या तपासायच्या झाल्या तर ज्याची त्याला मोठ्यानं वाचायला सांगायचे आणि ऐकून चुका काढायचे. आम्हाला वाटायचं, हीच इंग्रजी शिकवायची पद्धत असणार. दुसरी आम्ही बघितलीच नव्हती.

त्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. खिडकीत बसायची पाळी माझी होती आणि बाहेर काहीच घडत नव्हतं. बाबाराव हॉटेलात आडवा झालेला, हॉटेलासमोरची हापशी कोरडी, रस्त्यावर कुत्रंही नाही. व्हाईलचा आठवडा होता. रोज रोज चहा आणि एस.टी. सांगून मला कंटाळा आला होता. वर्गात इंग्रजीत मीच पहिली, त्यामुळं थोडा माजही होता.

"अ कॅमल इज ड्रिंकिंग वॉटर," मी म्हणाले, "व्हाईल बाबाराव इज पंपिंग."

सगळा वर्ग फस्सकन हसला. मागचे दोघं तिघं तर खिडकीकडं मान लांब करून बघायला लागले. आता सर मागं वळून बघतील आणि माझा कान धरतील, असं मला वाटलं.

सर वळले नाहीत. "कॅमल?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "उंट आला? किती आहेत?"

मला आता मागं फिरता येईना. "वन, सर. बिग."

"गुड. पंपिंग पण बरोबर आहे. बस."

आमच्याकडं थंडीत राजस्थानचे मेंढपाळ उतरतात आणि त्यांच्याबरोबर एखाददुसरा उंट असतो. त्यामुळं गावात उंट येणं अगदीच अशक्य नव्हतं. पण सरांना हसण्याचा अर्थ कळला नाही, याचं मला नवल वाटलं. डबा खाताना मी ती गोष्ट सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगितली आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले.

शाळा सुटल्यावर मी दप्तर घेऊन बाहेर आले तेव्हा सर रस्ता ओलांडत होते. एकेक पाऊल जपून टाकत ते हापशीपर्यंत गेले, हापशीच्या दांड्यावर हात ठेवला आणि इकडंतिकडं मान फिरवत उभे राहिले.

"बाबाराव," त्यांनी हाक मारली. "उंट कुठं गेला?"

"कोनता उंट, सर?"

"दुपारी पाणी पिऊन राहिला होता तो. तू हापसून देत होता ना?"

"मी तं झोपलो होतो, सर. उंटबिंट काई नाई आला इकडं."

सरांनी मान रस्त्याकडं वळवली. मी दहा पावलांवर होते आणि ते माझ्याकडंच बघत होते, पण माझ्यावर त्यांची नजर थांबत नव्हती. तेव्हा मला कळलं.

"सर," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं."

"हेमलता?" आवाजाच्या दिशेनं त्यांनी तोंड वळवलं. "अस्सं."

मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी रागवायला हवं होतं. ते हापशीच्या कट्ट्यावर बसले आणि मलाही बस म्हणाले.

"मी म्हटलं, एवढा मोठा उंट," ते म्हणाले. "जवळ गेलो तर दिसंल तरी."

"सर, तुम्हाला अजिबात नाही दिसत?"

"उजेड दिसते. कोणी समोरून गेलं तर सावली हलते. नागपूरला दाखवलं. ते म्हणाले, आतली शीर वाळत चालली, इलाज नाही." त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं उगाच पुसला. "कोणाला सांगू नको. वरून पत्र आलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील मला."

"नाही सांगत."

"तुमची दहावी करून देतो मी. दहावीच्या मार्चपर्यंत निभलं पाहिजे. मग जातोच." चष्मा परत घालून ते म्हणाले, "घरी बसून काय करू, बाई? काय होऊन राहिलं ते सांगायला घरात कोणी नाही."

सरांची बायको वारून चार वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. तेव्हा मला समजलं की खिडकीचा तास आमच्याइतकाच त्यांच्यासाठीही होता. दिवसातली ती चाळीस मिनिटं त्यांना गाव दिसायचं. त्यात मी त्यांना खोटा उंट दाखवला होता.

"आता खरं खरं सांगत जाईन, सर," मी म्हणाले.

"तसंच कर," ते म्हणाले. "पण वाक्य चांगलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून मी खिडकी सोडली नाही. पाळी कोणाचीही असो, काहीतरी भांडण काढून मी तिथं बसायचेच. मी खरं सांगायचे आणि भरभरून सांगायचे. बाबारावची बकरी कोणाच्या पिशवीत तोंड घालते आहे, कंडक्टर कोणत्या म्हातारीला हात देऊन चढवतो आहे, सगळं. सर मान हलवत ऐकायचे. कधी मीच विसरले तर विचारायचे, "आणि निंबाखालचा चांभार? आज नाही आला काय?"

जानेवारीत शेवटची कडी आली. ऑल्दो, म्हणजे जरी. ती काही केल्या आम्हाला जमेना. सगळे जण ऑल्दो म्हणून सुरुवात करायचे आणि मध्येच सवयीनं बट घालायचे. "एक कडी लावली की दुसरी नाही लावायची," सर रोज सांगायचे. शेवटी त्यांनी खिशातलं काळं शाईचं पेन काढून दाखवलं. "जो कोणी ऑल्दोचं स्वतःचं, डोळ्यासमोरचं वाक्य करंल त्याला हे देईन."

ते पेन मला हवं होतं. पेनापेक्षाही सरांचं करेक्ट हवं होतं.

फेब्रुवारीत तपासणी लागली. यवतमाळहून साहेब येणार होते. हेडमास्तरांनी झाडांना गेरू आणि चुना लावून घेतला, आणि निखाडे सर रोज शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात पावलं मोजायला लागले. दारापासून टेबल सहा पावलं, टेबलापासून फळा दोन. मी दाराशी उभी राहून लक्ष ठेवायचे. तपासणीच्या दिवशी सकाळी मी सरांना सांगितलं, "साहेबांची खुर्ची तुमच्या डाव्या हाताला ठेवली आहे, भिंतीशी."

"मग मी डावीकडं बघून बोलीन," सर म्हणाले. "तू खिडकीत बस. आणि भिऊ नको."

त्यांनी स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता. घाबरले तेच होते.

साहेब तसे वाईट नव्हते. बारीक चणीचे, कॅनव्हासचे बूट घातलेले, पाय न वाजवता चालणारे. खुर्चीत बसून त्यांनी चारपाच मुलांना उठवलं. मुलं धडाधड बोलली. व्हाईल, बिकॉज, सो, सगळ्या कड्या लागल्या. एकही चूक झाली नाही. मी सरांकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं.

"मास्तर," साहेब म्हणाले, "मुलं पोपटासारखी बोलतात."

"जी?"

"वाक्यं घोकून घेतलीत तुम्ही. तपासणीसाठी सगळेच करतात, मी रागावत नाही. पण याला इंग्रजी येणं म्हणत नाहीत."

सरांचं हसू गेलं. त्यांना कोणी काही म्हटलं असतं तर चाललं असतं, पण घोकंपट्टी म्हटलेलं चालणार नव्हतं. "नाही, साहेब," ते खुर्चीकडं बघून म्हणाले. "एक वाक्य घोकलेलं नाही. समोर जे दिसते तेच बोलतात ते. तुम्ही ताडून पाहा."

ताडून बघायलाच साहेब उठले असावेत. आवाज न करता वर्गाच्या मागून चालत ते माझ्या बाकाशी आले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. सर बोलतच होते.

"साहेब, तुम्ही कोणालाही उठवा. कोणतीही कडी द्या. तीस वर्षं झाली मला शिकवून, पाठ केलेलं मी कधी ऐकून घेतलं नाही." खुर्चीकडं थोडं वाकून, हात जोडल्यासारखे करून ते म्हणत होते. "खेड्यातले पोट्टे आहेत, पण पोपट नाहीत, साहेब."

साहेबांनी बाहेरून नजर काढून माझ्याकडं बघितलं आणि हनुवटीनं मला उठ अशी खूण केली. त्याच वेळी सर म्हणाले, "हेमलता, उठ. साहेबांना सांग. समोर काय होऊन राहिलं?"

मी उठले. बाहेर कुत्रं झोपलं होतं. अ डॉग इज स्लीपिंग. हे कोणीही पोपट बोलला असता. सरांची अब्रू आता माझ्या हातात आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. असं वाक्य पाहिजे की जे आजवर कोणी घोकलं नसेल, जे आत्ता या क्षणाला या वर्गाशिवाय कुठंच घडत नसेल. आणि कित्येक दिवस जिभेवर घोळणारी ती कडी होती. मी समोर बघितलं. नियमच होता तसा. डोळ्यासमोर जे आहे ते.

"ऑल्दो साहेब इज स्टँडिंग नियर द विंडो," मी खणखणीत आवाजात म्हणाले, "अवर सर इज स्पीकिंग टू द एम्प्टी चेअर."

जरी साहेब खिडकीजवळ उभे आहेत, तरी आमचे सर रिकाम्या खुर्चीशी बोलताहेत. कुठंही बट नाही, कुठंही चूक नाही.

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. साहेबही हसले. "व्हेरी गुड," ते म्हणाले. "हे मात्र घोकलेलं नाही." आणि बोलता बोलता त्यांची नजर सरांवर गेली.

माझ्याजवळून आलेला तो आवाज ऐकून सरांनी मान हळूहळू खुर्चीकडून खिडकीकडं वळवली. मी काय बोलून बसले ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. वाक्य परत घेता येत नव्हतं. सगळं खरं होतं.

सरांनी घसा साफ केला. "करेक्ट," ते म्हणाले. "ऑल्दोनंतर तिनं बट नाही घेतलं."

साहेब पुढं गेले. माझ्या शेजारणीचं पुस्तक त्यांनी जाता जाता उचललं होतं. ते त्यांनी सरांच्या हातात दिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, जरा दोन ओळी वाचून दाखवता?"

सरांनी पुस्तक घेतलं, त्याच्या कडांवरून बोटं फिरवली आणि मिटलेलंच टेबलावर ठेवलं. "नाही दिसत, साहेब."

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं होतील."

"मग शिकवता कसं तुम्ही?"

"हे सांगतात ना," सर आमच्याकडं हात करून म्हणाले.

साहेबांनी आपला चष्मा काढला, पुन्हा घातला. "शिकवता तुम्ही चांगलं," ते म्हणाले. "पण मला लिहावं तर लागेल, मास्तर. माझी नोकरी आहे."

"लिहा," सर म्हणाले. "खरं आहे तेच लिहा."

पंधरा दिवसांत पत्र आलं. सरांना डोळे तपासायला नागपूरला पाठवलं, तिथून कागद आला आणि सरांचं शिकवणं बंद झालं. मधले दिवस मी त्यांच्यासमोर गेले नाही. ते शाळेत आले की मी मुतारीच्या मागं जाऊन उभी राहायचे. एका शनिवारी मात्र ते वर्गाच्या दारातच उभे राहिले आणि त्यांनी माझं नाव घेतलं. मला बाहेर यावंच लागलं.

त्यांनी खिशातून पेन काढलं. "ठरलं होतं ना आपलं."

"मला नको, सर."

"असं कसं? पैलं वाक्य तुझं आलं."

"सर, मी मुद्दाम नाही बोलले. त्यांनी आम्हाला पोपट..."

"मला माहीत आहे," सर म्हणाले. त्यांनी माझा हात शोधला, तळवा उघडला आणि त्यावर पेन ठेवून माझी बोटं मिटली. "खोटं नको बोलू असं मीच सांगितलं होतं. तू तं ऐकलं माझं."

त्यांनी रागवायला हवं होतं, असं मला दुसऱ्यांदा वाटलं. आज पन्नाशी उलटली, तरी वाटतं. त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर मी मोकळी झाले असते. पेन दिलं त्यांनी, आणि ते घेऊन मी इतकी वर्षं बसले आहे. त्यात शाई भरायचा धीर मला झाला नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सर अकोल्याला पुतण्याकडं जायला निघाले. दुपारची एस.टी. होती. हेडमास्तरांनी सकाळी हार घातला, नारळ दिला, आणि वर्ग नेहमीसारखे भरले. आम्हाला इंग्रजीला तालुक्याहून नवीन सर आले होते. ते फळ्यावर नियम लिहून द्यायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. खिडकीत मी अजून बसत होते, कोणी उठवलं नव्हतं म्हणून.

सर बाबारावच्या हॉटेलासमोर उभे होते. एक पत्र्याची पेटी, हातात हार गुंडाळलेली पिशवी. बाबारावनं बाक झटकून दिला तरी ते बसले नाहीत. एस.टी. ज्या बाजूनं येते तिकडं सगळे बघत होते. सरांनी तोंड शाळेकडं केलं होतं, बरोबर आमच्या खिडकीकडं.

तास कोणता चालू आहे हे त्यांना माहीत होतं. रस्ता काही फार रुंद नव्हता. दुपारच्या वेळी वर्गातलं वाक्य बाबारावच्या हॉटेलापर्यंत ऐकू जायचं, बाबारावच तसं सांगायचा. सर मान थोडी तिरकी करून उभे होते. वाक्य ऐकताना ते अशीच मान करायचे.

मला सगळी वाक्यं येत होती. सर इज स्टँडिंग. द बस इज कमिंग. कड्याही येत होत्या. एक जरी मोठ्यानं बोलले असते तरी त्यांना पुरलं असतं. मी तोंड उघडायचे आणि मिटायचे. गेल्या वेळी बोलले होते त्याचं काय झालं, ते समोर पेटी घेऊन उभं होतं.

एस.टी. आली. कंडक्टर खाली उतरला आणि त्यानं सरांचा दंड धरला. सर एक पाय पायरीवर ठेवून थांबले. तोंड अजून खिडकीकडंच होतं.

"ए मुली," फळ्याजवळून नवीन सर ओरडले. "बाहेर काय बघते? काय चाललंय तिथं?"

सगळा वर्ग माझ्याकडं वळला. मी उभी राहिले.

"काही नाही, सर," मी म्हणाले.

आवाज नको तेवढा मोठा निघाला. रस्त्यापलीकडं सरांनी दोनदा मान हलवली, करेक्ट म्हणताना हलवायचे तशी, आणि ते आत चढले. उंटानंतर त्या खिडकीतून मी खोटं बोलले ते तेवढंच.